बिनमिशीचा वीर

परवा माझा नातू टीव्हीपुढे मांडी ठोकून बसला होता. पडद्यावर एक जुना पराक्रमी पुरुष, ज्याला आम्ही जन्मभर दाढीमिशांत आणि दागिन्यांत पाहिला, तो चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होऊन उड्या मारत होता. गुरुजींना चुकवतो, आईची बोलणी खातो, आणि वेळ आली की डोंगर उचलतो. दर रविवारी नवा भाग. नातू खूश, सून खूश, शेजारच्या काकू, ज्या सोवळ्याशिवाय देवाला पाणी घालत नाहीत, त्याही दारात उभ्या राहून खूश. "किती गोड केलाय ना!" म्हणाल्या. याची मिशी कुठे गेली, हे कुणीही विचारलं नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उठून आत गेले आणि घासलेली भांडी परत घासायला घेतली. सून म्हणाली, "आई, अहो ती स्वच्छ आहेत." म्हटलं, असू देत. मागून नातू आला आणि विचारतो, "आजी, तुला कार्टून आवडत नाही?"

आवडत नाही? अरे बाळा, तुझा बाप जन्मायच्या आधी मी हेच केलं होतं. टीव्हीवर नाही, चिक्कीच्या खोक्यांवर. मला कुणी गोड म्हटलं नाही. वाजतगाजत नदीत बुडवलं सगळं.

आमचं गाव कामशेतपासून आत, पवनेच्या अंगाला, खिंडीच्या पायथ्याशी. गावाबाहेर वीरबाबाचं ठाणं आहे. एका पावसाळ्यात खिंडीतली दरड सुटून गावावर यायला लागली, तेव्हा वीरबाबानं ती खांद्यावर झेलली. गावातली शेवटची शेळी बाहेर पडेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग दरडीखाली गेला. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते. चैत्रात त्याची जत्रा भरते आणि जत्रेत त्याचं सोंग निघतं. पांगाऱ्याच्या लाकडाचा मोठा मुखवटा, त्याला कानापर्यंत पोचणाऱ्या पिळदार मिशा आणि हे एवढाले वटारलेले डोळे. मुखवटा घालणाऱ्याला दिसावं म्हणून नाकपुड्यांना भोकं ठेवलेली.

मुखवटा घालायचा मान एकाच घराचा. माझ्या लहानपणी तो मान आबांकडे होता. सगळं गावच त्यांना आबा म्हणायचं. साठीला आलेले, पोट सुटलेलं, चार पावलं नाचले की धाप लागायची. दोन माणसं काखेत हात घालून त्यांना धरायची आणि असा आमचा वीरबाबा दरड झेलायचा! मी लहानपणी एकदा खुदकन हसले होते, तर आईनं असा चिमटा काढला की हिरवा डाग पडला.

आणि डोळे द्यायचा मान आमचा. माझे वडील, दादा, वीरबाबाचे गुरव. जत्रेच्या आदल्या आठवड्यात ते मुखवट्याचा जुना रंग खरवडून नवा द्यायचे. गाल, मिशा, कपाळ सगळं आधी. डोळ्यांची काळी बुबुळंही ते आधी रंगानं काढून घ्यायचे, पण ते डोळे नव्हेत. जत्रेच्या दिवशी पहाटे, उपाशीपोटी, रुप्याची एक बारीक सळई एरंडेलाच्या काजळात बुडवून ते दोन्ही बुबुळांवर टेकवायचे. याला डोळे देणं म्हणतात. डोळे दिले की तो देव झाला. मग जत्रा संपेपर्यंत त्याला ब्रश लावायचा नाही, रंगाचा टवका उडाला तरी नाही. आणि डोळे दिलेली वस्तू फुटली, भंगली किंवा ठेवण्याजोगी नसली, तर ती टाकायची नाही, वाजतगाजत डोहात सोडायची.

मी पाच-सहा वर्षांची असताना रंगवलेला मुखवटा बघून घाबरले होते. तेव्हा दादांनी मला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "अगं, भ्यायाचं काय त्यात? सळई लागत न्हाई तवर रंग म्हंजी नुसता रंग. तू चुलीतल्या कोळशानं भित्तीवर मांजर काढतीस का न्हाई, तसंच ह्ये." हे वाक्य मी विसरले नाही. दादाही विसरले नसणार.

हायस्कूल गावात नव्हतं म्हणून मला लोणावळ्याला आत्याकडे ठेवलं. तिचे यजमान रेल्वेत फिटर होते आणि ती चिक्कीच्या दुकानात खोकी भरायला जायची. छपाई बिघडलेल्या खोक्यांचे पुठ्ठे दुकानदार फेकून द्यायचा, ते आत्या माझ्यासाठी घेऊन यायची. एका बाजूला लाल अक्षरं आणि शेंगांचं चित्र, दुसरी बाजू कोरी. कागद विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती, त्यामुळे माझी सगळी चित्रकला शेंगांच्या पाठीवर झाली. पुठ्ठ्यांना गुळाचा वास, मुंग्या लागायच्या. मी ते परातीत पाणी घालून मधे डबा ठेवून त्यात सांभाळायचे.

शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. कडक, पण माझ्या चित्रांपाशी आल्या की उगाच जास्त वेळ थांबायच्या. त्यांनीच मला स्टेशनाबाहेरच्या खेळवाल्याच्या पेटीत डोकवायला लावलं. आत एक बाई झोका घेत होती. खरोखर घेत होती, खाली-वर! मी खेळवाल्याच्या नाकी नऊ आणले तेव्हा कुठे त्यानं झाकण उघडून दाखवलं. लाकडी कण्याभोवती चित्रांची पानं खोचलेली, दांडा फिरवला की एकामागून एक सुटतात आणि डोळ्याला वाटतं की चित्र हललं. मी त्या दिवशी जेवले नाही. आत्याला वाटलं, ताप आलाय.

मग मी ठरवलं, आपण असं चक्र करायचं. पण झोक्यावरची बाई कशाला? आपला वीरबाबा करू. तोपर्यंत माझ्याही डोक्यात वीरबाबा म्हणजे मिशा आणि पोटच होतं.

सुट्टीत गावी गेले तेव्हा डोंगरावरच्या वाडीतली सरपण विकणारी, जिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो, ती मोळी घेऊन आमच्या दारात आली होती. मी ओट्यावर मिशा काढत बसलेली. ती वाकून बघते तर काय, फिस्सकन हसली. "मिशा कशाच्या गं? पोरगं हुतं त्ये!"

मी म्हटलं, "कोण पोरगं?"

"तुमचा वीर. आमच्या वाडीचं पोर त्ये. मिसरूड बी फुटलं न्हवतं. गुरं राखाया गेलतं खिंडीत. सरदार-बिरदार न्हाई, काय न्हाई. मोठी माणसं पळाली समदी, त्ये ऱ्हायलं." मग तिनं आईकडून पाणी मागून घेतलं, ओंजळीत वरून, आमच्या घरातही तिला भांडं मिळत नसे, आणि ती निघून गेली.

मी तिथेच बसून राहिले. मिसरूड न फुटलेला, म्हणजे पंधराएक वर्षांचा! माझ्याएवढा. आमच्या गावावर दरड येते आणि माझ्याएवढं एक पोर खांदा लावतं! त्या क्षणापासून मला तो आजोबांच्या वयाचा पोटवाला वीरबाबा फसवाफसवी वाटायला लागला. खरं सांगते, तेव्हापासून जी चीड बसली ती आजपर्यंत गेली नाही.

वर्षभर मी दुसरं काही केलं नाही. अभ्यास केला तो केवळ बाईंनी दम दिला म्हणून. पुठ्ठे एका मापात कापायचे, कोपऱ्यांना सुई टोचून खुणा करायच्या म्हणजे पुढच्या चित्रात माणूस जागचा सरकत नाही, आणि टाकानं काळ्या शाईत काढायचं. आत्याच्या यजमानांनी जुन्या चरख्याचा कणा आणला, त्याला वाकवलेल्या सळईचा दांडा लावून दिला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून दिलं. मी तीन चक्रं केली, म्हणजे तीन भाग. पहिल्यात पोरगा दुसऱ्याच्या शिदोरीतली भाकरी पळवतो आणि शेळी त्याच्या हातातून ती खेचून नेते. दुसऱ्यात चिखलात रुतलेलं वासरू तो उचलायला जातो आणि वासराबरोबर अख्खी बैलगाडीच वर येते. तो इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना, आणि गाडी हळूच खाली ठेवतो. त्याला आपल्या ताकदीची लाज वाटते. पंधराव्या वर्षी सगळ्याचीच लाज वाटते.

तिसऱ्या चक्रात दरड. काळासावळा, हाडकुळा, ठिगळाची लंगोटी नेसलेला पोर. गुडघे थरथरतात. कपाळावरून घामाचा थेंब ओघळतो, डोळ्यात जातो. हात तर दोन्ही दरडीला लावलेले, पुसणार कसा? म्हणून तो डोळे मिटतो. घट्ट. आणि उघडतो. बस, एवढंच. पण ती पापणी खाली यायला आणि वर जायला मला अख्खी दिवाळीची सुट्टी लागली. पहिल्यांदा दांडा फिरवला आणि त्यानं माझ्याकडे बघून डोळे मिटले, उघडले, तेव्हा मी किंचाळले. मी केला होता, तरी किंचाळले.

बाईंनी बघितलं आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मे महिन्यात मुंबईच्या चित्रकला शाळेचे एक प्राध्यापक इथल्या बंगल्यात उतरणार आहेत. त्यांना हे दाखवायचं. त्यांना आवडलं तर तिथं प्रवेश मिळेल, मुलींच्या वसतिगृहात राहायची सोय होईल. तू फक्त हा डबा घेऊन ये."

मॅट्रिकची परीक्षा झाली. घरी माझ्यासाठी स्थळ येऊन ठेपलेलं होतं. मी दादांपुढे डबा ठेवला आणि सगळं सांगितलं. दादांनी डोळा लावला. पहिल्या चक्राला ते खो खो हसले. शेळीनं भाकरी ओढली तेव्हा तर आईला हाक मारून म्हणाले, "अगं ये, बघ तरी!" तिसरं संपलं तेव्हा मात्र त्यांनी डोळा काढलाच नाही. दांडा थांबला होता, तरी आत बघत राहिले. मग म्हणाले, "जत्रंत गावाला दाखव. गाव व्हय म्हणालं तर जा मुंबईला. न्हाई म्हणालं तर मग मी काय करनार न्हाई."

मी हरखून गेले. मला वाटलं, हे बघून कुणी नाही कशाला म्हणेल?

जत्रेच्या दुपारी ठाण्याच्या मागच्या चिंचेखाली मी डबा मांडला. अहो, रांग लागली रांग! पोरं तर धरूनही हलेनात. "अगं, डोळं मिटलं गं त्यानं!" म्हणून बायका एकमेकींच्या अंगावर पडायच्या. म्हातारी माणसं पाया पडून मग डोळा लावायची. वाडीची माणसं जत्रेत नेहमी लांब, बांधावर उभी असायची, पण त्या दिवशी मावशी हळूहळू पुढे आली. मी लोकांना म्हटलं, सरका, तिला बघू द्या. तिनं तिसरं चक्र बघितलं. मान वर केली तेव्हा तिचे गाल ओले होते. आणि तिथेच, भर जत्रेत, ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यो बघा! ह्यो आमचा हाय! असाच हुता, अगदी असाच!"

आणि नेमके मागे आबा उभे. मुखवटा काढून वारा घेत होते. घामानं डबडबलेले.

त्यांनी मावशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाकून डोळा लावला. मी दांडा फिरवला. ते सरळ झाले. पहिला प्रश्न काय विचारावा? "मिशी कुटं हाय?"

मी म्हटलं, "आबा, तो पंधरा वर्षांचा आहे."

"त्यो वीरबाबा हाय," ते म्हणाले. "त्यो गावाचा धनी हाय. त्याला तू वाडीचं उघडं पोर केलंस व्हय?" आणि तरातरा निघून गेले.

दिवेलागणीला ठाण्यापुढे गाव बसलं. पुढे पुरुष, मागे भिंतीला टेकून आम्ही बायका. माझा डबा मधोमध, पाटावर. कुणीतरी त्याला कुंकूही लावलं होतं! आबा आता मिशीचा विषय काढत नव्हते, वाडीचाही नाही. ते कसले हुशार. त्यांनी दादांना एवढंच विचारलं, "गुरवा, मला बाकीचं काय बी सांगू नगंस. ह्या चित्रांना डोळं दिल्यात का न्हाई?"

मी मनात म्हटलं, झालं, सुटलो. आता दादा सांगतील की सळई लागली नाही, रंग म्हणजे नुसता रंग. एका वाक्याचं काम होतं हो! ते वाक्य साऱ्या गावात फक्त दादाच बोलू शकत होते. दुसऱ्या कुणाला तो हक्कच नव्हता.

दादांनी जमिनीकडे पाहिलं. "दिल्यात," म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून उभी राहिले, बायकांमधून, पदर-बिदर काही न बघता. "सळई कुठं लागली? दादा, सांगा की! तुम्हीच नाही का मला सांगितलं?"

"बस खाली," दादा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

एक म्हातारा म्हणाला, "देवाची पापनी लवत न्हाई. हिनं लववली. ह्यो देव न्हाई ऱ्हायला, मानूस झाला."

दुसरा म्हणाला, "डोळं दिल्यात म्हंजी देवच. एवढं समदं देव एका डब्यात! निवद कोन दाखवनार रोज?"

"अहो मग एक काय ते ठरवा!" मी ओरडले. "देव असेल तर ठाण्यात ठेवा आणि पुजा. माणूस असेल तर माझं मला द्या!" आईनं माझा हात धरून मला खाली ओढलं. आबा म्हणाले, "उद्या डोहात सोडायचं. मानानं सोडू, गुलाल उधळून." जणू काही माझ्यावर उपकारच! आणि मान डोलावत सगळं गाव उठलं. दुपारी जे माझ्या डब्याच्या पाया पडले होते तेही उठले.

घरी आल्यावर मी दादांना विचारलं, का? त्यांनी ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, "ठाणं गावाचं हाय, पोरी. आपन ठान्यावर जगतो. आबानं एक शब्द टाकला तर उद्या दुसरा गुरव यील." आणि भाकरी कुस्करायला लागले. म्हणजे माझ्या जन्माची किंमत ती. तेव्हाही मला ती कमी वाटली आणि आजही वाटते.

सकाळी हलगी वाजली. माझा डबा दादांनीच डोक्यावर घेतला होता. डोहावर गुलाल उडाला, नारळ फुटला, आणि दादांनी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन एकेक चक्र सोडलं. आता गंमत ऐका. पुठ्ठे भिजले, कण्यातून सुटले, शाई पसरली, आणि सगळे उलटे होऊन वर आले. पाण्यावर जिकडेतिकडे चिक्कीच्या खोक्यांवरच्या लाल शेंगा! देव बुडाले आणि शेंगा तरंगल्या. पोरं हसायला लागली. मोठी माणसंही तोंड फिरवून हसली. चरख्याचा कणा तर बुडेचना, लाकूडच ते, परत परत वर यायचा. आबा काठावरून म्हणाले, "गुरवा, दाब त्याला." दादांनी काठी घेतली आणि तो कणा पाण्याखाली दाबत राहिले. मी बघत होते. दादांनी एकदा वर पाहिलं आणि आमची नजरानजर झाली. त्यांनी नजर काढून घेतली, पण काठी नाही काढली.

मे महिन्यात बाई स्वतः एसटीनं, उन्हातान्हाच्या आमच्या गावी आल्या. दादांनी त्यांना गुळाचा चहा पाजला आणि सांगितलं, "गाव न्हाई म्हणालं." बाई म्हणाल्या, "मग पुन्हा काढेल ती." तर दादा म्हणाले, "लगीन धरलंय." बाई निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. त्यांना सोडायला मी फाट्यापर्यंतसुद्धा गेले नाही. गेले असते तर एसटीत चढले असते.

लग्न होऊन मी कामशेतला आले. नवऱ्याचं तांदळाचं दुकान, माणूस चांगला. पण आमच्या घरात मी कधी रांगोळीचं चित्रसुद्धा काढलं नाही, चार ठिपके जोडायचे आणि उठायचं. जत्रेलाही गेले नाही. आई भेटायला यायची, दादा तिच्याबरोबर यायचे आणि ओसरीवरच बसायचे. मी चहा द्यायचे, बोलायचे नाही.

अशी काही वर्षं गेली. दादांच्या हाताला कापरं भरलं. एका चैत्रात सळई घसरली आणि वीरबाबा तिरळा झाला. एक डोळा खिंडीकडे, एक आबांच्या घराकडे! सबंध जत्राभर तो तसाच नाचला, कारण डोळे दिल्यावर हात लावता येत नाही. बातमी कळली तेव्हा मी दुकानाच्या मागे जाऊन पोटभर हसले. पण त्या वर्षी गावात गुरांना रोग आला, आणि सगळं खापर त्या तिरळ्या डोळ्यांवर फुटलं.

पुढच्या जत्रेच्या तोंडावर आबा माझ्या दारात. थकलेले, काठी टेकत, मागे दादा. मी पाणी दिलं.

"पोरी, गावाचं काम हाय," आबा म्हणाले. "डोळं द्यायचं तुला. तुझ्या बापाला दुसरं लेकरू न्हाई. तुझा हात बरा हाय."

"बाईच्या हातचं चालतं का?"

"चालतं. वारस हायस तू."

"कधीपासून चालतं?" मी विचारलं. आबांनी तांब्या तोंडाला लावला तो खाली घेतलाच नाही. बघा म्हणजे! यांना हवं तेव्हा नियम असा वाकतो, आणि माझ्या वेळेला मात्र तो ताठ उभा होता.

मी म्हटलं, येते. नवरा बघतच राहिला.

जत्रेच्या पहाटे मी अंघोळ करून, उपाशी, ठाण्यात बसले. मुखवटा पुढे. दादांच्या कापऱ्या हातांनी रंगवलेल्या मिशा पुसट, वाकड्यातिकड्या, पण होत्याच, कानापर्यंत. डोळ्यांची जागा माझ्यासाठी कोरी सोडलेली. दादांनी समई धरली, काजळाची वाटी पुढे केली आणि रुप्याची सळई माझ्या हातात ठेवली. "नीट दे," एवढंच म्हणाले. किती तरी वर्षांनी ते माझ्याशी सरळ बोलले.

मी ब्रश घेतला. बुबुळं काढलीच नाहीत. डोळ्यांच्या जागी दोन पापण्या काढल्या, खाली मिटलेल्या, घट्ट, कोपऱ्याला सुरकुती. घाम डोळ्यात गेल्यावर माणूस मिटतो तसे. ते मला झोपेतही काढता आले असते. दादांना पहिल्या रेघेलाच कळलं असणार. त्यांनी माझं मनगट धरलं असतं तर मी थांबले असते का, कोण जाणे. त्यांनी धरलं नाही. समई जरा जवळ आणली. मग मी सळई काजळात बुडवून दोन्ही पापण्यांवर टेकवली.

बाहेर आणल्यावर हलगी थांबली. आबा पुढे आले आणि वाकले. "डोळं मिटलेत!" म्हणाले. "ह्ये काय केलंस तू? पूस आदी! गुरवा, ह्याला डोळं दिल्यात का न्हाई?"

दादांनी या वेळी जमिनीकडे पाहिलं नाही. "दिल्यात," म्हणाले. "सळई लागली. आता हात लावता यायचा न्हाई."

मी म्हटलं, "घाम गेलाय डोळ्यात. उघडेल. थांबा तुम्ही."

बांधावरून कुणीतरी हसलं. मावशी असावी. आबांनी तो मुखवटा घातला. करतात काय, मान त्यांचा होता! आणि माझा वीर डोळे मिटून सगळ्या गावातून नाचला.

दादांनी त्यानंतर सळईला हात लावला नाही. ती त्यांनी मला देऊन टाकली, आता माझ्या देव्हाऱ्यात आहे. लोक म्हणतात, शेवटी बाप तुझ्या बाजूनं उभा राहिला, आता तरी राग सोड. नाही सोडत. तेव्हा एक ‘न्हाई’ हवं होतं, ते आलं नाही; हे ‘दिल्यात’ फार उशिरा आलं. मधलं माझं आयुष्य कुणी परत आणून दिलेलं नाही.

मुखवट्याचे डोळे अजून मिटलेलेच आहेत, त्यानंतर तो कुणी खरवडलाच नाही. दुसऱ्या कुणाकडे सळई नाही आणि हात लावायची कुणाची छाती नाही. आबा गेले, मान त्यांच्या मुलाकडे आला. त्याचं पोट सुटलंय. दर चैत्राच्या आधी त्याचा निरोप येतो, ताई, या आणि डोळे उघडा एकदाचे. मी दर वर्षी तेच कळवते. आधी मिशी खरवडा. मग येते.